इंजिनाचं गाऱ्हाणं

आमच्या मुलखात तेव्हा आगगाडी नव्हती. मुंबईला जायचं तर वेंगुर्ल्याच्या बंदरावर बोट धरायची, आणि बोटीत ओकत ओकत ज्यानं मुंबई गाठली त्यानंच काय ती आगगाडी पाहिलेली. तरी आमच्या गावाला स्वतःचं इंजिन होतं. गावामागच्या डोंगरात मँगनीजची खाण होती, खाली खाडीवर बंदर होतं, आणि दोन्हींच्या मध्ये अरुंद रुळांची एक लाइन. माती भरलेले डबे ओढायला खाणवाल्या कंपनीनं एक बुटकं, काळं इंजिन मुंबईहून पडावात, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, घालून आणलं होतं. लोक त्याला आगीचो रेडो म्हणत. चार-सहा वर्षं ते धावलं. मग मालाचा भाव पडला, खाण बंद झाली, साहेब निघून गेले आणि इंजिन डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिलं ते पुढची वीसेक वर्षं.

पुढे स्वराज्य आलं, परदेशातून मालाला मागणी आली आणि पन्नासच्या दशकात एका नव्या कंपनीनं खाण घेतली. मी तेव्हा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर फिटर होतो. गणपतीला घरी आलो होतो, तर खाणीचा मॅनेजर आमच्या खळ्यात, अंगणात, येऊन उभा. इंजिन पुन्हा चालू करून देणार का, असं विचारायला. मी नाहीच म्हणणार होतो. गंजलेल्या भांड्यात जीव घालणं हा काही माझा छंद नव्हता, आणि त्या मॅनेजरची बोलण्याची पद्धत म्हणजे आपण भाडेकरू आणि तो घरमालक. पण मी तोंड उघडायच्या आत माजघराच्या दारातून आत्या म्हणाली, "करतलो. तो करतलो."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मला माझी आई आठवत नाही. मला वाढवलं ते आत्यानं. तिच्या शब्दाबाहेर जायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि इंजिनाच्या बाबतीत तर नव्हतीच, कारण त्या इंजिनाचा ड्रायव्हर तिचा नवरा होता.

तो इंजिनाबरोबरच पडावातून आला होता. कुठला, ते कोणी नीट सांगत नसे. कोणी म्हणे घाटावरचा, कोणी म्हणे हुबळीकडचा. मागे पुढे कोणी नाही. जात जुळते एवढं आजोबांनी पाहिलं आणि त्याला घरजावई करून घेतला. लोक त्याला डायवर म्हणत, आजोबा जावयबापू म्हणत, मी आतोबा म्हणे. उंच होता, हळू बोलायचा, आणि जेवायला बसताना तेलकट हात शेणीच्या राखेनं घासून घासून धुवायचा. मला एवढंच आठवतं. मी पाच-सहा वर्षांचा असेन.

खाण बंद व्हायच्या सुमारास एका दुपारी त्यानं इंजिन शेडमध्ये उभं केलं आणि तो नाहीसा झाला. भट्टीत विस्तव होता, बॉयलरात वाफ होती, चपला पायरीशी काढून ठेवलेल्या होत्या. माणूस नव्हता. अनवाणी माणूस बोटीवर जाईल का? जाईलही. त्या काळात आमच्याकडून कितीतरी माणसं कोणाला न सांगता आफ्रिकेला नाहीतर इराणच्या आखातात गेली होती. काहींनी तो खाणीतल्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेला असं म्हटलं. गळ टाकून खड्डा ढवळला, काही मिळालं नाही.

त्या दिवसापासून आत्याच्या कपाळावरच्या कुंकवाचा प्रश्न गावापुढे उभा राहिला. तो मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर खबर नाही. आमच्या गावानं यावर एक तोडगा काढला, आणि असा तोडगा फक्त आमच्याच गावाला सुचू शकतो: त्याचं नावच घ्यायचं नाही. नाव काढलं की पुढे काहीतरी बोलावं लागणार, आणि बोललं की कोणत्या तरी एका बाजूला पडणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आत्याचं कुंकू राहिलं. पण लग्नामुंजीत तिला कोणी ओटी भरायला बोलावत नसे, आणि हळदीकुंकवाला बोलावलं तरी करंडा तिच्यापर्यंत येईस्तोवर नेमका रिकामा होत असे. पहिल्या निवडणुकीची यादी करायला मास्तर आले, त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर आत्या नवऱ्याचं नाव घेणार कसं? तिनं शेजाऱ्यांकडे पाहिलं, शेजाऱ्यांनी आढ्याकडे पाहिलं. मास्तरांनी 'ड्रायव्हरची बायको' असं लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

"इंजान चालू झाला तर खबर जातली," आत्या मला त्या रात्री जेवताना म्हणाली. "बंदरार बोटी लागतत. खलाशी बोलतले, खाण उघाडली, रेडो चलता. काम गेला म्हणान तो गेलो. काम इला तर येतलो."

वीस वर्षं ती हे धरून बसली होती.  दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात रजेचा अर्ज धाडला आणि हत्यारं घेऊन शेडवर गेलो.

मी देवभोळा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं डोकं लवकर तापतं आणि भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की जास्तच तापतं. शेडचं दार रानवेलींनी बांधल्यासारखं झालं होतं. बरोबरच्या दोन गड्यांनी कोयत्यानं वेली तोडल्या, पण दार मलाच ढकलावं लागलं. आत इंजिनाच्या पुढ्यात नारळाच्या भकलांचा ढीग होता. विड्यांची बंडलं होती, काही पावसानं विरघळलेली, काही पत्र्याच्या फटीतून नव्यानं सारलेली. पुढच्या आकड्याला विटलेलं लाल फडकं बांधलेलं. म्हणजे घरी आत्याच्या तोंडावर त्याचं कुंकू शाबूत ठेवायचं, आणि इथे गुपचूप आतोबाला देवचार, म्हणजे जागेचं भूत, करून विडी-नारळ द्यायचा. मला गावाचा असा राग आला की मी तो ढीग पायानं बाजूला सारणार होतो. पण इंजिनाकडे लक्ष गेलं आणि पाय जागीच राहिला.

त्या इंजिनाचं पितळ जसंच्या तसं होतं. बंदराकडचे रूळ लोकांनी कधीच उचलून गोठ्याच्या आढ्याला लावले होते. लाइनीखालची लाकडं चुलीत गेली होती. आणि इथे नळ, शिट्टी, तेलाच्या वाट्या, सगळं जागच्या जागी. भीतीनं चोरलं नसेल, मान्य. पण ते पितळ चकचकत होतं. वीस वर्षांचं पितळ हिरवं पडतं. हे चिंचेनं घासलेल्या समईसारखं दिसत होतं.

मी भट्टीचं दार उघडलं. आत विस्तवाची तयारी होती. खाली नारळाची सुकी चुडतं, त्यावर करवंट्या, त्यावर किंजळीची फोडलेली लाकडं, एक उभं एक आडवं, मध्ये हवेला वाट ठेवून. एखादा तयार फायरमन रचतो तशी. लाकडांवरची साल ओलसर होती. वास ताजा होता. मागून वाकून पाहणारा गडी मागच्या मागे बाहेर गेला आणि थेट घरी पोचला.

मॅनेजरनं शपथेवर सांगितलं की त्यानं शेड बाहेरूनच पाहिली होती. मी लाकडं ओढून काढली, बाहेर फेकली, दाराला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. चार दिवसांनी धूरपेटी साफ करून मी भट्टीकडे वळलो तर लाकडं पुन्हा रचलेली. कुलूप जसंच्या तसं. मी ती पुन्हा काढली. पुन्हा कोणी ना कोणी रचून ठेवी. शेवटी मी काढायचं सोडून दिलं. करणार काय? काम वाचत होतं म्हणा, पण दरवेळी ते दार उघडताना माझ्या अंगावर काटा येई, आणि आला हे कबूल करायला मला आज लाज वाटत नाही.

कामाची रड वेगळीच. बॉयलरच्या नळ्या इतक्या सडल्या होत्या की हातोडीनं ठोकल्या की पापडासारख्या मोडत. नव्या नळ्या मुंबईहून बोटीनं आल्या, त्याही निम्म्या चुकीच्या मापाच्या; मॅनेजरनं मागवल्या होत्या, दुसरं काय होणार? पाणी साठून तळाशी चुन्याचा दगड झाला होता, तो छिन्नीनं फोडला. धूरपेटीत घोणशीची कात निघाली, शिट्टीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. दांड्यांच्या सांध्यांना नवी पितळी बुशं घालून बसवली. तेलाच्या वाट्या रॉकेलनं धुऊन पालथ्या घातल्या आणि घरी जेवायला गेलो. परत आलो तर वाट्या जागेवर बसवलेल्या, काठोकाठ भरलेल्या. बोट बुडवून वास घेतला. खोबरेल होतं, घरच्या घाण्याचं, ताजं.

यंत्राला खोबरेल घालणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी गड्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "मी नाय हो. डायवर घाली. बोटीन तेल येवक उशीर झालो की खोबरेलच घाली तो."

मग माझ्या डोक्यात आलं की ही सगळी आत्याची करणी. दुसरं कोण एवढी माया करील? घरी जाऊन मी तिची तेलाची बुधली हलवून पाहिली. भरलेली होती. तरी मी तिला सरळ विचारलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं मानही वर केली नाही.

"मी त्या शेडीत एकदाय गेलंय नाय," ती म्हणाली. "गेलंय आणि तो थंय नसलो तर? आणि आसलो तर?"

 खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती.

पावसाळा गेला, थंडी आली, कंपनीनं बंदरापर्यंत नवे रूळ टाकले आणि बॉयलर तयार झाला. हातपंपानं पाण्याचा दाब देऊन पाहिला. एक थेंब गळला नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्या गंजक्या पत्र्यानं एवढा दाब सोसणं म्हणजे आश्चर्यच. एका सकाळी आम्ही भट्टी पेटवली. दुपार कलता कलता काटा हलला, वर चढला, वाफ झाली. मी शिट्टीची दोरी ओढली. तो आवाज खाडीवरून फिरून आला तेव्हा घराघरातून माणसं खळ्यात आली. आत्या खळ्यातल्या तुळशीपाशी हात जोडून उभी राहिली होती, हे मला मागाहून कळलं.

मी ब्रेक सोडला, वाफ सोडायचा रेग्युलेटर ओढला. वाफ सिलिंडरात गेल्याचा आवाज आला. इंजिन हललं नाही.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील फिटर कच्चा होता. चाकांना अडण नव्हती. ब्रेक सुटलेला होता. वाफ बंद करून दोघांनी पहारीनं रेटलं की तेच इंजिन बैलगाडीसारखं पुढे सरके. वाफ दिली की थांबे. झडपा खोलून पाहिल्या, पिस्टन काढून पाहिले, पुन्हा बसवले, पुन्हा भट्टी पेटवली. तेच. आठ-पंधरा दिवस मी त्या इंजिनाशी झटत होतो. वाफ पिस्टनवर बसत होती आणि समोरून कोणीतरी तितक्याच जोरानं तो धरून ठेवत होतं, असं मला वाटायला लागलं. मला! ज्यानं गड्याला भित्रा म्हणून शिव्या दिल्या होत्या त्याला. एकटं शेडमध्ये थांबायची वेळ आली की मी उगाचच हत्यारांचा आवाज करी, मोठ्यानं खाकरे.

मॅनेजर म्हणाला, पुरे झालं. आता इंजिन भंगारात काढू, लॉऱ्या आणू. पुढच्या सोमवारी तोडायला माणसं येतील.

ते ऐकून आत्याचा चेहरा जो उतरला तो मला बघवेना. तिच्या लेखी इंजिन तुटलं म्हणजे तो परत यायचा रस्ताच तुटला.

शुक्रवारी गावकार घरी आला. गावकार म्हणजे देवळाचा मानकरी, गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालणारा. आमच्याकडे विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात: देवाला, जागेवाल्याला, सगळ्यांना नाव घेऊन सांगायचं, बाबांनो, हे काम करतो, सांभाळून घ्या. तो सत्तरीचा म्हातारा खळ्यात बसला, पाणी प्याला आणि आत्याला म्हणाला,

"बाय, इंजनाचा गाऱ्हाणा आमी घातला, पण तेचा नाव घेवक नाय. नारळ दिलो, विडी दिली, आणि नाव नाय. बिननावाचो मान कोण घेतलो? तो इंजान हलूक देयत कसो?"

"म्हणजे तो मेलो म्हणतास तुमी," आत्या म्हणाली.

"मी कायएक म्हणणंय नाय. गाऱ्हाण्यात दोन जागे आसत. एक, हय जागो धरून बसलेल्यांचो. दुसरो, परमुलखात पोटाक गेलेल्यांचो; तेंका सुखी ठेव, घराक परत हाड, म्हणाचो. तेचा नाव खंयच्या जाग्यार घालू, ता तू सांग."

"पयल्या जाग्यार घातलात तर माजा कुकू जाता."

"व्हय."

"आणि दुसऱ्या जाग्यार घातलात, आणि इंजान हलला नाय?"

म्हाताऱ्यानं काठी पुढ्यात घेतली. "तर तो परमुलखात नाय, बाय."

मी मध्ये पडलो. म्हटलं, हा काय खेळ चालवलाय? झडप कुठेतरी अडकते आहे, मी ती शोधीन. एका बाईचं कुंकू इंजिनाच्या चाकाला कसलं बांधता? माझा आवाज चढला होता. आत्यानं हात वर करून मला गप्प केलं. पाटीवर बोट टेकून बसलेल्या पोराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दुसऱ्या जाग्यार घाला," ती गावकाराला म्हणाली. "मी येतंय थंय."

रविवारी सकाळी शेडपुढे सगळा गाव जमला. मी पहाटेपासून भट्टी लावली होती. ऊन वर आलं तेव्हा वाफ तयार होती. मॅनेजर टोपी घालून लांब आंब्याखाली उभा होता, तोंडावर हसू होतं. आत्या सर्वांत शेवटी आली. ठसठशीत कुंकू लावलं होतं, हिरवं लुगडं नेसली होती. वीस वर्षांत ती त्या वाटेला पहिल्यांदा येत होती. बायका बाजूला सरल्या, आणि ती त्या मोकळ्या जागेत एकटी उभी राहिली.  हे इंजिन आज हललं नाही तर घरी जाऊन ही बाई आरशासमोर काय करील, हा एकच विचार माझ्या मनात होता.

मी इंजिनावर चढलो, रेग्युलेटरवर हात ठेवला. गावकारानं नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमलेली आसत…"

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी म्हटलं.

मग गावाच्या देवतांची नावं आली, मग वेशीवरचे, मग पाण्याजवळचे, झाडाखालचे, जागा धरून बसलेले. प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा". पहिली जागा अशी त्याच्या नावावाचून पार पडली. मी श्वास सोडला.

"आणि जे कोण मुंबैक, जे कोण बोटीर, जे कोण परमुलखात पोटाक गेलेले आसत, तेंका सुखी ठेव म्हाराजा. आणि तेंच्यावांगडा ह्या गावाचो जावय, ह्या इंजनाचो डायवर…"

गावकार थांबला.

आधी वाटलं, दम घेतोय. मग त्याचे ओठ नुसतेच हलायला लागले. त्यानं मागे वळून आपल्या वयाच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी हळूच म्हणालं, "डायवर." "डायवर न्हय रे, नाव," गावकार म्हणाला, आणि त्याचा आवाज पार गेला होता.

कोणालाच आठवत नव्हतं. वीस वर्षं इतकं जपून, इतकं सांभाळून सगळ्यांनी ते नाव टाळलं होतं की ते गावातून निघून गेलं होतं. मीही डोकं खाजवलं. माझ्यापाशी नुसता आतोबा होता. आजोबा गेले होते, वडील गेले होते. अर्धवट गाऱ्हाणं तर सोडता येत नाही. ज्याला बोलावलं आणि नाव घेऊन मान दिला नाही, तो बोलावणाऱ्याच्या घरी येतो म्हणतात. माणसं एकमेकांजवळ सरकली. भट्टीतली लाकडं तडतडत होती.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. ते नाव जगात तिच्या एकटीपाशी उरलं होतं, आणि ती बायको होती तोवर तिनं ते तोंडानं घ्यायचं नव्हतं.

"पोराच्या कानात सांग गो," एक म्हातारी म्हणाली. "तो मोठ्यान सांगतलो." दुसरी म्हणाली, "उखाणो घे." कोणीतरी घाबऱ्या घाबऱ्या हसलं.

आत्यानं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती गावकाराच्या पुढ्यातून नारळाला वळसा घालून गेली, शेडच्या कोपऱ्याशी उभी राहिली, जिथून लाइन डोंगराच्या घळीतून बंदराकडे वळते. तिनं तोंडापाशी हात धरला. आणि तिनं ते नाव घेतलं नाही, तर हाक मारली. जेवण वाढलं की मांगरातल्या, गोठ्याकडच्या, माणसाला बाई बोलावते तशी, शेवटचं अक्षर लांबवून, जरा वैतागून. मी ते नाव ऐकलं आणि मला एकदम लहानपणीची ओटी दिसली. तसंच बोलावायची ती त्याला, माणसं आसपास नसली की. मी लहान असल्यामुळे माझी गणती माणसांत नव्हती.

"व्हय म्हाराजा," गाव सवयीनं म्हणालं.

आणि ओ आली.

पुरुषाची, हळू, सावकाश. कामात असलेला माणूस देतो तशी. आमच्याकडे रानात हाक ऐकू आली तर ओ देऊ नये म्हणतात. हाक मारणारा कोण ते माहीत नसतं. पण हाक आपण मारली आणि ओ आली तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. पोरं आयांच्या पदरात शिरली. गावकार मटकन खाली बसला. मॅनेजर टोपी हातात घेऊन घळीकडे बघत होता.

माझा हात अजून रेग्युलेटरवरच होता. मी तो ओढला की तो आपोआप ओढला गेला, मला सांगता येणार नाही. इंजिन एकदा फुसफुसलं आणि निघालं, जसं काही कधी थांबलंच नव्हतं.

पुढे मॅनेजर सगळ्यांना सांगत फिरे की तो आवाज वाफेचा. सिलिंडरच्या नळातून वाफ सुटते तेव्हा असा आवाज येतो म्हणे. येतो, मला ठाऊक आहे. पण ते नळ मी माझ्या हातानं बंद केले होते. गावकऱ्यांनी मॅनेजरशी वाद घातला नाही. ओ घळीतून, बंदराच्या बाजूनं आली, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणजे तो लांब आहे, पण आहे. वीस वर्षं जे ठरत नव्हतं ते त्या सकाळी ठरलं. वैशाखात गावकाराच्या नातीचं लग्न झालं आणि ओटी भरायला पहिल्यांदा बोलावली ती आत्याला. करंडा आधी तिच्यापुढे आला. तरण्या बायकांनी तिला घेरलं, आत्ये, आता सगळ्या गावासमोर नाव घेतलंस, आज उखाण्यात घे म्हणून हट्ट धरला.

"एकदा हाक मारलंय," ती म्हणाली. "ओ दिल्यान. येतलो तेवा येतलो. परत परत हाक मारूक तो काय बहिरो नाय."

आणि ती हसली. एवढं मोकळं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी मुंबईची नोकरी सोडली आणि इंजिनावरच राहिलो. साठनंतर लॉऱ्या आल्या तोवर ते चाललं, एकदाही अडलं नाही. आत्या रोज संध्याकाळी घळीच्या तोंडाशी जाऊन उभी राही. बोटीचा दिवस असला तर जास्त वेळ. पाच-सहा वर्षं तिनं तशी वाट पाहिली आणि एका थंडीत तापानं गेली, कुंकवासकट. हिरव्या साडीत नेली तिला. कोणी एक शब्द काढला नाही.

ती ओ घळीतून आली नव्हती. सगळे खाली, शेडबाहेर होते. त्यांना ती तिकडून आल्यासारखी वाटली असेल. मी वर होतो, रेग्युलेटरवर हात ठेवून, एकटा. ओ माझ्या कानाशी आली, मागून, इतक्या जवळून की मानेला श्वास लागला. मी हे आत्याला सांगितलं नाही, आणि मला त्याची खंत नाही. घरी आल्यावर तिनं मला एकच विचारलं होतं, "खूप लांबसून इली ना रे ती?" मी म्हटलं, "व्हय आत्ये, खूप लांबसून."